घरी पहिल्यांदा गौरी बसवताना

लग्नानंतर चौथ्या वर्षी सासूबाईंनी एक पितळी डबा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "यंदापासून गौरी तुझ्याकडे." गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसवत नव्हतं. डब्यात जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळलेले दोन मुखवटे, हळदीने पिवळ्या झालेल्या दोऱ्यांची गुंडी आणि काळ्या मण्यांच्या दोन पोती होत्या. तीन वर्षं सोलापूरच्या घरी मी गौरी पाहिल्या होत्या, हाताखाली कामही केलं होतं. पण सगळं आपल्या अंगावर येतं तेव्हा आधी काय, मग काय, हेच सुचत नाही. दरवर्षी श्रावण सरत आला की ओळखीतल्या नव्या सुनांचे आणि परदेशातल्या भाच्यांचे फोन येतात. त्यांना ज्या क्रमाने सांगते त्याच क्रमाने इथे लिहिते आहे.

आपल्या गौरी कोणत्या, ते आधी विचारा

बाजारात जाण्याआधी घरातल्या थोरल्या बाईला फोन लावा. सासूबाई, आजेसासूबाई, जाऊबाई, आत्या, ज्यांनी हे केलंय त्या. कारण गौरी घराघरांत वेगळ्या असतात आणि प्रत्येक घराला आपल्याच बरोबर वाटतात. देशावर बहुतेक ठिकाणी मुखवट्याच्या उभ्या गौरी असतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोघी बहिणी, आणि पुढ्यात त्यांची बाळं. मराठवाड्यात आणि विदर्भात यांनाच महालक्ष्म्या म्हणतात. कोकणस्थांकडे खड्याच्या गौरी: नदीवरून किंवा विहिरीवरून पाच, सात असे खडे तांब्यात किंवा ताम्हनात घेऊन यायचे, आणणारीने वाटेत बोलायचं नाही. कोकणात कितीतरी घरी तेरड्याची रोपं मुळांसकट आणून त्यांची गौर करतात, ती मुळं म्हणजे तिची पावलं. कुठे तांब्यांवर मुखवटे बसवतात, कुठे धान्याच्या राशीवर, कुठे मडक्यांच्या उतरंडीवर.

नैवेद्यही तसाच. आमच्याकडे पुरणपोळी, माझ्या कोकणस्थ मैत्रिणीकडे घावन-घाटलं. आणि कोकणात अनेक घरी गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, मटण, मासे, चिंबोऱ्या. तेवढ्यापुरता गणपतीच्या समोर पडदा ओढतात. माहेरवाशिणीला तिच्या आवडीचं वाढायचं, हीच त्यामागची भावना. तुमच्या घरात तसं असेल तर शेजारच्या पद्धतीकडे बघून बिचकू नका आणि नसेल तर दुसऱ्याला नावं ठेवू नका.

फोनवर बोलताना वही घेऊन बसा. विचारायचं ते असं: गौरी कशाच्या, कुठून आत आणायच्या (तुळशीपासून, उंबऱ्यापासून की पाणवठ्यावरून), पहिल्या दिवशी कोणती भाजी, दुसऱ्या दिवशी पुरण की आणखी काही, दोरे घेतात का, आपल्या घरात काय चालत नाही. शेवटचा प्रश्न विसरू नका. "आपल्याकडे गौरीला अमुक फूल वाहत नाहीत" अशा गोष्टी बायका आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांना त्या सांगण्यासारख्या वाटतच नाहीत.

विचारायला कोणीच उरलेलं नसेल, किंवा घरात गौरी नव्हत्याच आणि मनापासून आणायच्या असतील, तर खड्याच्या किंवा तांब्यावरच्या गौरींनी सुरुवात करा. लागतं कमी, जागा कमी, आणि पुढे वाढवता येतं. माझं एक ठाम मत आहे, ते इथेच सांगते. पहिल्या वर्षी तेवढंच करा जेवढं पुढच्या दहा वर्षांत, कोणी आजारी असताना, सुट्टी नसताना, हातात पैसे नसतानाही तुमच्याने होईल. गौरीच्या कहाणीतल्या गरीब ब्राह्मणाच्या घरी काहीच नव्हतं. मडक्यात सापडलेल्या कण्यांची पेज झाली, ती सगळी पोटभर जेवली, आणि म्हातारीच्या रूपाने आलेली गौर त्याच घरात आनंदाने राहिली.

तारीख पंचांगात बघा

गौरींचा सण तिथीवर नाही, नक्षत्रावर चालतो. भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. म्हणून नावच ज्येष्ठा गौरी. त्यामुळे गणेश चतुर्थीनंतर त्या किती दिवसांनी येतील ते दरवर्षी बदलतं. २०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि आवाहन १० तारखेला, म्हणजे तीन दिवसांनी. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला आणि आवाहन ३१ ला, म्हणजे चार दिवसांनी. ज्यांचे गणपती गौरींबरोबर जातात त्यांचे गणपतीचे दिवसही यावरच ठरतात. पंचांगात आवाहनाची आणि विसर्जनाची वेळ दिलेली असते, ती फ्रिजवर लावून ठेवा. नोकरी असेल तर पूजनाच्या दिवसाची रजा महिनाभर आधी टाका. आवाहन आणि विसर्जन संध्याकाळी घरी येऊन जमवता येतं, पूजनाचा दिवस मात्र तसा उरकता येत नाही.

आठ दिवस आधी

मुखवटे काढून बघा. पितळी असतील तर चिंच-मिठाने किंवा पितांबरीने घासून कोरडे करा. शाडूचे असतील तर ओलं फडकंसुद्धा लावू नका, मऊ कुंचल्याने धूळ झटका. रंग गेला असेल तर गावातले मूर्तिकार रंगवून देतात, पण चतुर्थीच्या तोंडावर त्यांना उसंत नसते, म्हणून हे काम श्रावणातच. साड्या नव्याच हव्यात असं नाही. आम्ही एका गौरीला सासूबाईंच्या लग्नातली साडी नेसवतो आणि दुसरीला त्या वर्षीची नवी. दोन्हींना कडक इस्त्री करून घ्या.

वाणसामान एकदाच भरा: हरभऱ्याची डाळ, गूळ, कणीक, ज्वारीचं पीठ, साजूक तूप, वेलची, जायफळ, सुपाऱ्या, हळकुंडं, खोबऱ्याच्या वाट्या, विड्याची पानं, कापूस. फुलं-पत्री आदल्या दिवशी. आघाडा, दुर्वा, केणा, शेवंती, झेंडू. केवडा मिळाला तर जरूर घ्या, खोलीभर वास राहतो.

फुलोरा हा आमच्याकडचा लाडका भाग. गौरींच्या डोक्यावर करंज्या, पापड्या, छोटे लाडू, कणकेची वेणी-फणी असं तळून टांगायचं. पहिल्या वर्षी नाही जमलं तर सोडून द्या. करायचाच असेल तर पाच करंज्या आणि पाच पापड्या पुरतात. तळण्याआधी करंजीच्या काठाला काडीने भोक पाडून ठेवा, नंतर पाडायला गेलं तर ती तुटते.

आदल्या संध्याकाळी: उभ्या करणं

ज्यांच्या उभ्या गौरी आहेत त्यांनी हे सावकाश वाचा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो.

कोठ्या म्हणजे पत्र्याची किंवा लोखंडाची उभी धडं बाजारात मिळतात. आधी जागा ठरवा. पंख्याचा झोत येणार नाही, दारातून आल्याबरोबर दिसतील आणि पुढ्यात चार माणसं पानं मांडून बसू शकतील अशी. पाट मांडा, पाटाखाली रांगोळी काढा, पाट डुगडुगत असेल तर पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारा. कोठीत गहू किंवा तांदूळ भरतात. त्याला धार्मिक अर्थ आहेच, पण खाली वजन आलं की कोठी हलत नाही, हेही खरं. आम्ही धान्यात एक सुपारी, एक हळकुंड आणि एक नाणं ठेवतो.

साडी नेसवताना निऱ्या आधी जमिनीवर घालून घ्या, वर नाडीने घट्ट बांधा आणि मगच कोठीला लावा. उभ्या उभ्या निऱ्या घालायला गेलात तर तासभर जातो. पदर खांद्यावरून मागे सोडा आणि पिन आतल्या बाजूने लावा, दागिना अडकत नाही. हात वेगळे असतील तर ब्लाउजच्या बाहीत कापूस भरून आधीच शिवून ठेवा.

आता मान. माझ्या पहिल्या वर्षी धाकट्या गौरीचा मुखवटा रात्रीच्या आरतीला हळूहळू एका बाजूला कलायला लागला. सगळे डोळे मिटून उभे होते आणि मी ताम्हन खाली ठेवून धावले. मुखवटा हातात धरला तेव्हा छाती धडधडत होती. झालं होतं इतकंच, कोठीची मान बारीक आणि मुखवट्याच्या आतली खोबण रुंद. तेव्हापासून मी जुन्या सुती साडीची चार बोटं रुंद पट्टी मानेला गुंडाळते, एकावर एक, मुखवटा जरा जोर लावून बसेल इतकी जाड. रेशमी किंवा सिंथेटिक कापड नको, ते सरकतं. मुखवटा आदल्या संध्याकाळी एकदा बसवून, दोन्ही कानांना धरून हलवून बघा. बसला की काढून ठेवा. मुखवटे दुसऱ्या दिवशी आवाहनालाच चढवायचे. तोवर समोर फक्त साड्या नेसलेल्या कोठ्या असतात, आणि घरातली मुलं येता-जाता विचारत राहतात, "कधी येणार?" ती वाट बघणंच मला सणाची सुरुवात वाटते.

पहिला दिवस: गौरी घरात येतात

दारापासून जागेपर्यंत हळदीकुंकवाची किंवा रांगोळीची पावलं काढा. मूठ टेकवून वर बोटांचे पाच ठिपके दिले की लहानसं पाऊल होतं, हे काम मुलांना द्या. ज्या आणणार त्यांनी सुपात किंवा ताम्हनात तांदळावर मुखवटे ठेवायचे, वर नवं वस्त्र किंवा पदर. उंबऱ्यावर आणणारीच्या पायांवर दूध-पाणी घालायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, हळदीकुंकू लावायचं. घरातलं एक जण घंटा वाजवतं, दुसरं ताट-चमचा.

मग विचारायचं, "गौर कशाच्या पावलांनी आली?" आणणारी म्हणते, "सोन्या-मोत्यांच्या पावलांनी." पुढे धनधान्याच्या, सुखसमृद्धीच्या, मुलाबाळांच्या. ठरलेले शब्द नसले तरी चालतं. माझी मुलगी लहान असताना "शाळेला सुट्टीच्या पावलांनी" म्हणाली होती, सासूबाईंनी तेही मनापासून म्हणून घेतलं. मुखवटे थेट जागेवर नेऊ नका, आधी सगळं घर दाखवा. स्वयंपाकघर, धान्याचे डबे, कपाट, मुलांचं अभ्यासाचं टेबल. गावाकडे गोठा दाखवतात. मग जागेवर आणून मुखवटे चढवा, दागिने घाला, हळदीकुंकू वाहा, समई लावा.

या दिवशीचा नैवेद्य साधा: ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी. आमच्याकडे मेथी, काही घरी शेपू, काही घरी भोपळ्याची भाजी. लांबचा प्रवास करून आलेल्या लेकीला आल्या आल्या पक्वान्न कोण वाढतं? तिला भाजी-भाकरीच हवी असते. तुम्हीही त्या रात्री तेच जेवा आणि लवकर झोपा.

त्याआधी अर्धा तास: डाळ निवडा, गूळ चिरून डब्यात भरा, वेलची-जायफळाची पूड करा, भाज्या चिरून ठेवा. आंबील करणार असाल तर ज्वारीचं पीठ ताकात कालवून झाकून ठेवा.

दुसरा दिवस: पुरण

दुसऱ्या दिवशी सोळा या आकड्याला मान. सोळा भाज्या, सोळा चटण्या-कोशिंबिरी, पुरणाचे सोळा दिवे. हे ऐकून नवीन मुलींचा धीर सुटतो. सोळा भाज्यांची युक्ती अशी की त्या एकत्र करतात. दुधी, लाल भोपळा, पडवळ, दोडका, गवार, भेंडी, कच्चं केळं, सुरण, मका, घेवडा, जे मिळेल त्याच्या दोन-दोन फोडी, आणि एकच मिश्र भाजी. पडवळ आमच्याकडे हवंच. कांदा-लसूण नैवेद्यात नाही. सुरणाला आधी चिंचेच्या पाण्यात उकळी द्या, नाहीतर घसा खाजतो.

आता पुरण. दोन वाट्या हरभऱ्याची डाळ धुऊन तासभर भिजवा आणि सहा वाट्या पाण्यात, चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल घालून कुकरला शिजवा. डाळ बोटांत चिरडली की मध्ये कणी लागता कामा नये. चाळणीवर ओता आणि खालचं पाणी, म्हणजे कट, जपून ठेवा. डाळ चांगली निथळू द्या, इथे घाई केली की पुढे पुरण सैल राहतं. जाड बुडाच्या पातेल्यात डाळ आणि दोन वाट्या चिरलेला गूळ एकत्र करून मध्यम आचेवर ठेवा. आधी ते पातळ होईल, घाबरू नका, गूळ विरघळतोय. पंधरा-वीस मिनिटं सतत ढवळा. आवाज बदलतो तिकडे कान द्या: आधी बुडबुड, मग फदफद, शेवटी जवळजवळ काहीच नाही. मधोमध उलथनं उभं करा. हात सोडल्यावर ते पडलं नाही तर पुरण झालं. वेलची-जायफळ आणि किंचित मीठ घाला. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा, थंड झालं की यंत्र फिरत नाही.

कणीक पोळीपेक्षा सैल भिजवा, चाळलेली, मीठ आणि बऱ्यापैकी तेल घालून, आणि निदान दोन तास झाकून ठेवा. ओढली की तुटण्याआधी लांब यायला हवी. पुरणाचा गोळा कणकेच्या गोळ्याच्या दीडपट. हातावर वाटी करून पुरण भरा, तोंड बंद करताना वरची जादा कणीक चिमटून काढा, आणि तांदळाच्या पिठीवर लाटा, कडेकडेने, मधे दाब न देता. एवढ्यात मध्यम आकाराच्या पंधरा-सोळा पोळ्या होतात. पोळी फुटली तर वर पिठी भुरभुरा आणि पुढे चला. पहिल्या वर्षी माझ्या निम्म्या फुटल्या होत्या, चवीत काही फरक नव्हता. पुरण सैल झालंच तर पुन्हा पातेल्यात घालून आटवा, त्यात कोरडं पीठ मिसळू नका.

कटाची आमटी त्याच कटाची. त्यात दोन चमचे पुरण, चिंचेचा कोळ, गोडा मसाला, भाजून वाटलेलं खोबरं-जिरं, वरून कढीपत्त्याची फोडणी. ही सकाळी लवकर करून ठेवा, मुरली की खरी चव येते.

सकाळचा क्रम असा धरा: सहाला डाळ आणि कणीक, मग आमटी आणि भाजी, कोशिंबीर-चटण्या, भात-वरण, आणि पोळ्या सगळ्यात शेवटी. पूजा एकीने करावी आणि स्वयंपाक दुसरीने किंवा दुसऱ्याने. आमच्याकडे पोळ्या भाजायला माझा नवरा उभा राहतो, आणि तूप सोडण्यात त्याचा हात माझ्यापेक्षा सढळ आहे.

पूजेला गुरुजी मिळाले नाहीत तर अडून राहू नका. पाणी, हळदीकुंकू, वस्त्रमाळ, फुलं-पत्री, धूप, दीप, नैवेद्य, या क्रमाने मनोभावे वाहा आणि कहाणी मोठ्याने वाचा. कहाणी मुलांकडून वाचून घ्या. पुरणाच्या दिव्यांत तुपाच्या वाती लावून आरती करायची, नैवेद्याच्या पानाखाली पाण्याने चौकोन काढायचा.

संध्याकाळी हळदीकुंकू. इथे मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. सासरे गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी सासूबाई हळदीकुंकवाच्या वेळी आपणहून आतल्या खोलीत जाऊन बसल्या. ज्यांनी आयुष्यभर या गौरी उभ्या केल्या, त्याच. मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं आणि पहिलं कुंकू त्यांना लावलं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त माझा हात धरून ठेवला. तेव्हापासून आमच्याकडे सगळ्या बायकांना बोलावणं असतं, कुठलीही चौकशी न करता. तुम्ही नव्याने सुरुवात करताय, तर पहिल्या वर्षापासूनच असं करा. रात्री जमेल तितकी फुगडी, झिम्मा. फ्लॅट असेल तर खालच्यांना आधी सांगून ठेवा, बहुतेक वेळा तेच वर येतात.

तिसरा दिवस

सकाळी दोरे घ्यायचे. सुताचे सोळा पदर, त्याला सोळा गाठी, हळदीत भिजवलेला. गाठींत हळदीकुंकू, झेंडूचं पान, रेशीम, सुकामेवा असं थोडं थोडं बांधतात. तो गौरीपुढे ठेवून मग गळ्यात किंवा मनगटावर बांधायचा. नैवेद्याला शेवयांची किंवा गव्हल्यांची खीर आणि मुरडीचा कानवला. माहेरवाशीण निघाली, तिच्या हातावर दही-भातही ठेवायचा.

वेळ पाहून अक्षता वाहा, "पुनरागमनाय च" म्हणा आणि गौरी जागच्या जागी किंचित हलवा. तेवढ्याने विसर्जन होतं, मुखवटे पाण्यात सोडायचे नसतात. खड्याच्या किंवा तेरड्याच्या गौरी पाणवठ्यावर नेतात. तशी सोय नसेल तर घरीच बादलीतल्या पाण्यात विसर्जन करून ते पाणी झाडांना घाला. पाणवठ्यावरून येताना थोडी वाळू आणून घरभर आणि धान्याच्या डब्यांवर टाकतात. कहाणीतल्या म्हातारीने निघताना ब्राह्मणाला दिलेली वाळू तीच.

कोठ्यांतलं धान्य आमच्याकडे महिनाभर रोजच्या स्वयंपाकात वापरतो. मुखवटे कोरड्या फडक्याने पुसा, प्रत्येक वेगळा गुंडाळा, डब्यात कापराच्या दोन वड्या टाका. झाकण लावण्याआधी वहीत पुढच्या वर्षासाठी लिहा, त्याच दिवशी, कारण दिवाळीपर्यंत सगळं विसरायला होतं. माझ्या वहीत मागच्या वर्षीचं पान असं आहे: डाळ अर्धी वाटी जास्त. धाकटीच्या मानेला पट्टी एक वेढा वाढवणे. केवडा आदल्या दिवशी. सासूबाईंसाठी खुर्ची गौरींच्या शेजारी.